मनुष्य सभासद का होतो? : वऱ्हाडातील संस्थाजीवनाचा एक मागोवा

समाजकार्य करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास वर्षातून एकदा तरी एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. सभासद-नोंदणीचे पावतीपुस्तक घेऊन तो समाजबंधूंच्या घरोघर फिरतो, स्वागत होते, चहापाणी होते आणि मग यजमान विचारतात, “सभासद होऊन आम्हांस काय मिळणार?” हा प्रश्न ऐकून पुष्कळ कार्यकर्ते खट्टू होतात. विचारणारा स्वार्थी आहे, त्यास समाजाची तळमळ नाही, असा ग्रह करून घेतात. वस्तुतः हा प्रश्न अत्यंत रास्त आहे. ज्या संस्थेत नफ्याची वाटणी नाही, वेतन नाही, सक्ती नाही, तिच्या नोंदवहीत शहाण्या माणसाने आपले नाव का घालावे व पदरचे पैसे का भरावे, हे संस्थेस सांगता आले पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात व आपल्या वऱ्हाडात हजारो साध्या माणसांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी नव्हे, तर कृतीने दिलेले आहे. ते समजून घेण्याचा अल्पसा यत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. आपल्या पूर्वजांना एकत्र येणे माहीत नव्हते असे मुळीच नाही. पेरणी-कापणीस एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत, जिला कोठे सावड तर कोठे इर्जिक म्हणतात, ती जुनीच आहे. भागवत सप्ताह, गावपंगत, देवळाचा जीर्णोद्धार ही कामे वर्गणीवरच होत आली. जातीची पंचायतही होती. परंतु पंचायतीत मनुष्य प्रवेश करीत नसे. तो तीत जन्मास येई. तिचा निर्णय न मानणाऱ्यास वाळीत टाकले जाई, व वाळीत पडलेल्याच्या घरी ना सोयरीक होई, ना मयतास खांदेकरी मिळत. म्हणजे त्या बंधनाच्या मुळाशी आपुलकी होती तशी भीतीही होती. संस्था नोंदविण्याचा १८६० चा कायदा आला आणि हळूहळू एक निराळी कल्पना रुजली: मनुष्याने आपल्या सहीने आत यावे, घटना वाचून यावे, आणि न पटल्यास उजळ माथ्याने बाहेर पडावे. सामाजिक बहिष्कारास महाराष्ट्र शासनाच्या २०१६ च्या कायद्याने, जो २०१७ पासून अंमलात आला, गुन्हा ठरविले आहे. तेव्हा आजच्या समाजसंस्थेस भीतीचा आधार उरलेला नाही, आणि ते उचितच झाले. आता तिला केवळ माणसांच्या इच्छेवर उभे राहावयाचे आहे. ही इच्छा कशाने उत्पन्न होते, हाच आपला विषय.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे उदाहरण या बाबतीत फार उद्बोधक आहे. २ एप्रिल १८७० रोजी ही सभा स्थापन झाली. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असलेली नाराजी हे तिचे निमित्त, आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखतो, ते तिचे प्राण. या सभेचा सभासद होणे सोपे नव्हते. नुसती वर्गणी भरून काम भागत नसे. आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यांस देतो, असे किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. यातील मर्म असे की, सभासदत्व ही मिळावयाची वस्तू नव्हती. ती पन्नास शेजाऱ्यांनी टाकलेली जबाबदारी होती. मनुष्यास पैशाचा लोभ असतो हे खरे, परंतु ‘चार लोक माझ्यावर विश्वास टाकतात’ या जाणिवेची ओढ त्याहून कमी नसते.

पुढे तीनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापिला. १८७६ पर्यंत त्याच्या सभासदांची संख्या ३१६ झाली होती. आकडा लहान दिसतो, पण त्या काळी त्या सभासदत्वाची किंमत काय होती ते पाहावे. पुरोहितावाचून विवाह लावणे हे समाजाचे एक प्रमुख कार्य होते, आणि असा पहिला विवाह १८७३ च्या डिसेंबरात लागला. एकट्या कुटुंबाने हे केले असते तर भावकी, गाव आणि भिक्षुक या तिघांचा रोष त्याच्या एकट्याच्या माथी बसला असता. समाजाचा सभासद होताच त्याच्या पाठीशी माणसे उभी राहिली. जी गोष्ट मनास पटते पण एकट्याच्याने करवत नाही, ती करण्याचे धैर्य संस्था देते. लोक सभासद होतात त्याचे हे दुसरे व फार बलवान कारण होय. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तिच्या मागेही हेच बळ होते. ज्यांना इतरांच्या संस्थांचे दरवाजे बंद होते, त्यांनी आपले दार आपणच उभारले, आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

आता ज्ञातिसंस्थांकडे वळू. त्यांच्या उदयाचा इतिहास सांगताना एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. १९०१ च्या शिरगणतीत रिस्ले या अधिकाऱ्याने जातींची सामाजिक दर्जानुसार क्रमवारी लावण्याचे ठरविले, आणि देशभर ज्ञातिसभांची एकच धांदल उडाली. आमचा दर्जा अमक्यापेक्षा वरचा लिहावा, असे अर्ज सरकारकडे जाऊ लागले. मानाची ही भूक पुष्कळांना सभासद करून गेली. परंतु पुढील शिरगणतीत सरकारने ती क्रमवारीच सोडून दिली.

त्याच १९०१ सालची दुसरी घटना पाहा. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. एका बाजूस दर्जाचा अर्ज, दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्याच्या भाकरीची व निवाऱ्याची सोय. एकाचा कागद दप्तरात पडून राहिला; दुसरीतून पिढ्या घडल्या. शेजाऱ्याहून वरचढ ठरण्यासाठी जमलेली माणसे लवकर पांगतात, आपल्या व शेजाऱ्याच्या मुलासाठी जमलेली टिकतात, असा निष्कर्ष या दोन उदाहरणांवरून काढल्यास तो अतिशयोक्त ठरू नये.

आपल्या वऱ्हाडातही या प्रश्नाची उत्तरे कमी नाहीत. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांची चळवळ देशात सुरू झाली. खेड्यातील पेढीचा नियम असा की, सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकाने कर्ज बुडविले तर ते इतरांवर येई. सावकाराच्या व्याजातून सुटण्याची आशा हे शेतकऱ्याने सभासद होण्याचे उघड कारण होते. परंतु त्या नियमामुळे शेजाऱ्याचे चालचलन, त्याचे पीक, त्याची नड ही प्रत्येकाची बाब झाली. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, कर्जे थकली, आणि वऱ्हाडातील सहकारी चळवळीला जबर धक्का बसला. ज्यांनी केवळ कर्ज मिळते म्हणून नाव घातले होते, त्यांना कर्ज थांबताच पेढीशी काही कर्तव्य उरले नाही. लाभ माणसास दारापर्यंत आणतो; आत बसवून ठेवण्याचे सामर्थ्य एकट्या लाभात नाही, हा धडा त्या दिवसांनी दिला.

याच्या उलट अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहावे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत व अनंतराव यांनी, एका साध्या आखाड्याच्या रूपाने त्याचा पाया घातला. तेथे येणाऱ्या तरुणास काय मिळत होते? घाम, माती आणि सोबती. तरीही तरुण येत राहिले, आणि १९३६ साली याच मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. रोज सायंकाळी ठराविक वेळी ठराविक माणसे भेटणे, आपण न गेल्यास कोणी तरी विचारणे, हा सहवास हाच त्या सभासदत्वाचा लाभ होता.

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे कार्य तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पापळसारख्या खेड्यातून निघालेला हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेत विद्या संपादून परतला. अमरावतीस त्यांनी स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने जे छात्रालय चालविले, त्यात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही, प्रवेश होता. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शाळा-महाविद्यालयांचा विस्तार पुढे विदर्भभर झाला. १९५५ मध्ये त्यांनीच भारत कृषक समाज स्थापून देशभरच्या शेतकऱ्यांना सभासद होण्याचे आवाहन केले. या सर्व कार्यात पैसा ओतणारा कास्तकार स्वतः बहुधा शाळा फार शिकलेला नव्हता. त्याने दिलेल्या मदतीचे फळ त्याच्या मुलास मिळेलच याचीही शाश्वती नव्हती. कोणाच्या तरी मुलास मिळेल एवढेच त्यास ठाऊक होते. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे अशाच रीतीने गावकऱ्यांच्या मूठमूठ धान्यावर चालली. जो मूठभर ज्वारी देतो त्याला ते वसतिगृह आपले वाटते, कारण त्याच्या घरचा दाणा तेथे शिजलेला असतो. थोडे का होईना, दिल्याने माया जडते. नुसते घेतल्याने ती जडत नाही.

आणखी दोन नावे घेतल्याशिवाय वऱ्हाडचा हा मागोवा पुरा होणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडी पसरल्या. तेथील सेवकास सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होती आणि हाती खराटा घेऊन ग्रामसफाई होती. प्रत्येकास नेमून दिलेले काही तरी काम होते, निरक्षरालाही, गरिबालाही. संत गाडगेबाबांनी तर याहून पुढे जाऊन सभासदत्वाचा कागदच दूर ठेवला. ऋणमोचनच्या घाटापासून पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळांपर्यंत जे कार्य उभे राहिले, त्यासाठी लोकांनी पैसा दिला तो बाबांच्या हातातील खराटा पाहून. परंतु त्या महापुरुषासही उतारवयात, १९५२ साली, आपल्या संस्थांचा कारभार विश्वस्तांच्या हाती सोपवावा लागला. कारण व्यक्ती जाते, मालमत्ता व काम मागे उरते, आणि ते सांभाळण्यास नियमाने बांधलेली माणसे लागतात. बाबा १९५६ साली निवर्तले. धर्मशाळा उभ्या आहेत.

हा विषय पाश्चात्त्य विद्वानांनीही हाताळला आहे. १९६१ साली अमेरिकेतील क्लार्क व विल्सन या दोघा अभ्यासकांनी संस्थेत येणाऱ्या माणसाचे हेतू तीन प्रकारचे असतात असे मांडले: एक भौतिक लाभ, दुसरा सहवास व मान, तिसरा ध्येय. चार वर्षांनी, १९६५ मध्ये, मन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने एक बोचरा मुद्दा पुढे केला. संस्थेच्या कार्याचे फळ जर सर्वांनाच मिळणार असेल, तर शहाणा मनुष्य स्वतः काही न देता इतरांच्या कष्टावर ते फळ चाखेल. आणि समूह जितका मोठा, तितकी ही वृत्ती अधिक. समाजभवन बांधले की वर्गणी न देणाऱ्याच्या घरचे लग्नही तेथेच लागते, हा आपला नित्याचा अनुभव त्याच्या सिद्धान्तास पुष्टीच देतो. मात्र ऑल्सनने एक गोष्ट मान्य केली होती: लहान गटात, जेथे प्रत्येकाचे देणे-न देणे डोळ्यांना दिसते, तेथे हे सहसा घडत नाही. आपल्या गावच्या बचतगटांकडे पाहिले की याची प्रचीती येते. १९९२ साली नाबार्डने स्वयंसहायता गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि ती चळवळ खेडोपाडी पोहोचली. दहा-वीस स्त्रिया दरमहा एकत्र बसतात, रक्कम सर्वांच्या देखत मोजली जाते, हिशेब सर्वांसमक्ष लिहिला जातो. तेथे ‘मला काय मिळणार’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण उत्तर समोरच्या वहीत असते.

या सर्व इतिहासाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे: मनुष्य सभासद होतो तो लाभाने, मानाने वा ध्येयाने; परंतु तो सभासद राहतो तो काम मिळाल्याने आणि हिशेब दिसल्याने. सार्वजनिक सभेने त्यास मुखत्यारी दिली, सत्यशोधक समाजाने धैर्य दिले, आखाड्याने सोबती दिले, गुरुदेव सेवा मंडळाने खराटा दिला. ज्या संस्थेने त्यास केवळ पावती दिली, तिला पुढल्या वर्षी त्याचे दार बंद आढळले.

या दृष्टीने आपल्या ‘आजीव सभासद’ या शब्दाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १८८४ साली पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हा आजीव सदस्य म्हणजे तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्यास बांधून घेणारा माणूस. आगरकर, गोखले हे त्या अर्थाने आजीव सदस्य होते. आज आपण एकरकमी वर्गणी भरणाऱ्यास आजीव सभासद म्हणतो. पूर्वी या शब्दाने आयुष्य देण्याचा करार होत असे. आता बहुशः पुन्हा वर्गणी न मागण्याचा करार होतो! संसारी माणसाने आयुष्य द्यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु एकदा रक्कम घेतली आणि त्या माणसास वार्षिक सभेच्या निमंत्रणाखेरीज पुन्हा कधी हाक मारली नाही, तर दोष त्याचा नव्हे, संस्थेचा आहे.

आता हिवरखेडसारख्या गावाचा विचार करू. वऱ्हाडात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील हिवरखेड संत्र्याच्या मुलखात, तर अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अकोट, तेल्हारा, अंजनगाव या पट्ट्यात विड्याच्या पानांचे मळे आणि पानपिंपळी यांची लागवड चालत आली. ज्या घरांनी पानमळा केला, त्यांना वेलीचा स्वभाव ठाऊक आहे. तिला उभे राहण्यास आधार हवा, उन्हापासून आडोसा हवा, आणि पाणी वेळच्या वेळी हवे. एका पाळीला हयगय झाली की वेल माना टाकते. संस्थेचेही असेच आहे. तिला वर्षातून एकदा भव्य अधिवेशनाचा पूर आणून भागत नाही. बारमाही पाण्याची धार लागते.

ती धार म्हणजे काय, हे इतिहासाच्या आधारे सुचविण्याचे धाडस करतो. पहिली गोष्ट, नोंदणी ओळखीच्या माणसाने करावी. पत्रक वाचून सभासद होणारे थोडे. शेजाऱ्याने, मामाने, शाळेतील गुरुजींनी शब्द टाकला म्हणून होणारे पुष्कळ. दुसरी, नव्या सभासदास महिन्याच्या आत एखादे काम सांगावे: गावातील दहावी-बारावी झालेल्या मुलांची यादी करणे असो, वा वसतिगृहाच्या अर्जाची चौकशी असो. तिसरी, जमाखर्च गावच्या बैठकीत वाचून दाखवावा, नुसता छापून मोकळे होऊ नये. चौथी, नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचे एकच नाव घालण्याची रीत सोडावी. समाजकार्याच्या पंगतीस राबते ती गृहिणी, लेकीच्या शिक्षणाचा हट्ट धरते तीही तीच. तिचे नाव मात्र यादीत नाही. बचतगटाचा हिशेब चोख ठेवणारी स्त्री समाजाच्या कार्यकारिणीत पाहुणी म्हणूनही नसावी, हे शोभत नाही. आणि पाचवी गोष्ट ही की, ज्ञातिसंस्थेचे दार जन्माने उघडते हे तिचे बळ आहे तशीच मर्यादाही आहे. श्रद्धानंद छात्रालयाने ती मर्यादा ओलांडून दाखविली. आपल्या वसतिगृहात, आपल्या ग्रंथालयात, गावातील दुसऱ्या समाजाच्या गरजू मुलास एक खाट, एक खुर्ची असावी. तेणेकरून आपले काही उणे होणार नाही, उलट आपल्या संस्थेस गावात प्रतिष्ठा लाभेल.

आपली पुष्कळ तरुण मुले आज पुण्यास, मुंबईस, परदेशीही आहेत. गावच्या संस्थेची त्यांना आठवण राहावी असे वाटत असेल, तर वर्गणीची मागणी करण्याआधी त्यांचा सल्ला मागावा. अभियंत्यास भवनाचा आराखडा दाखवावा, वैद्यास तपासणी शिबिराचे काम द्यावे, नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलीस धाकट्या विद्यार्थिनींना पत्र लिहावयास सांगावे. आपली कोणास तरी गरज आहे, ही भावना मनुष्यास जितकी दूरवरून ओढून आणते, तितकी दुसरी कोणतीही ओढ आणीत नाही.

आपल्या पूर्वीच्या पिढीजवळ पैसा थोडा होता, अक्षरओळख त्याहून थोडी. तरी मुठीतल्या दाण्यांतून शाळा व वसतिगृहे त्या पिढीने उभी केली. आपल्याजवळ दोन्ही अधिक आहेत. उणीव आहे ती एकमेकांस हाक मारण्याची आणि हाकेस ओ देण्याची. ती उणीव या वर्षी प्रत्येक गावशाखेने आपापल्या परीने भरून काढावी, एवढीच सर्व समाजबंधु-भगिनींस नम्र विनंती आहे.